इंजिन बंद, खाली महामार्ग: उतरायचं की नाही?

शिकाऊ वैमानिकांच्या पहिल्या एकट्या उड्डाणाबद्दल मागे लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं त्या उड्डाणाबद्दल नाहीतच. अमेरिकेत एका छोट्या विमानानं गाड्यांच्या मधून महामार्गावर उतरल्याचा व्हिडिओ पुन्हा फिरतोय, आणि सगळ्यांना त्याचंच कुतूहल आहे. तेव्हा या वेळी तोच विषय.

इंजिन बंद पडल्यावर विमान दगडासारखं खाली येत नाही का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोल्हापूर)

नाही. विमानाला पंख पेलतात, इंजिन फक्त पुढे ओढतं. ते थांबलं की वैमानिक नाक किंचित खाली करतो आणि विमान उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाडीसारखं तरंगत जातं. शिकवणीत सर्रास वापरलं जाणारं सेसना १७२ एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे सरकतं. जमिनीपासून ३,००० फुटांवर इंजिन गेलं तर हातात अंदाजे ८ किलोमीटरचं अंतर आणि चार मिनिटं उरतात. ५०० फुटांवर गेलं तर जेमतेम ४० सेकंद. म्हणून उड्डाण केल्याकेल्या इंजिन गेलं, तर मागे वळून धावपट्टी गाठायचा मोह टाळा, नाकासमोर जे दिसेल त्यात उतरा, असं आम्ही घोकून घेतो. त्या वळणात वेग घटून विमान कोसळतं, आणि असे बळी पुष्कळ गेलेत.

मी वीस वर्षं ट्रक चालवतोय. चौपदरी रस्ता वरून धावपट्टीसारखाच दिसत असणार. मग वैमानिक शेत का शोधतात? (वाचक, अहिल्यानगर)

दिसतो खराच, आणि घोटाळा तिथेच होतो. २,००० फुटांवरून रस्ता म्हणजे एक स्वच्छ करडी पट्टी. तारा दिसतात त्या ३०० फुटांवर आल्यावर, तेव्हा निर्णय बदलायला वेळ उरलेला नसतो. खरं तर तारा तेव्हाही दिसत नाहीत, दिसतात ते खांब. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांब असले की मध्ये तार आहेच असं धरून चालायचं.

आता मापं घ्या. सेसना १७२ च्या पंखांचा विस्तार ११ मीटर. आपल्या महामार्गाची एक लेन साडेतीन मीटरची. म्हणजे तीन लेन भरून वर थोडा पंख बाहेर. त्यात दुभाजकातली कण्हेर, दिव्याचे खांब, गावांची नावं लिहिलेल्या लोखंडी कमानी, उड्डाणपूल, ढाब्यासमोर लेन अडवून उभे ट्रक (तुमच्यावर रोख नाही). पंखाचं टोक यातल्या एकालाही लागलं की विमान गर्रकन फिरतं.

तरीही रस्ताच घ्यावा लागला तर? वाहतूक ज्या दिशेनं चालली आहे त्याच दिशेनं उतरायचं. टेकताना विमानाचा वेग ताशी ९०-१०० किलोमीटर असतो, गाड्यांचाही जवळपास तेवढाच. मागून धडक बसली तरी ती दोन वेगांमधल्या फरकाची बसते. समोरून बसली तर दोन्ही वेगांची बेरीज होते. २ डिसेंबर २०२० च्या रात्री अमेरिकेत मिनेसोटा राज्यात एक छोटं विमान आंतरराज्य महामार्गावर उतरलं. वाहतूक खात्याच्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं. विमान एका मोठ्या गाडीला मागून धडकलं, पण कुणालाही इजा झाली नाही. दिशा उलट असती तर काय झालं असतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

फिरणारा व्हिडिओ जुलै २०२२ मधला, नॉर्थ कॅरोलायनातल्या डोंगराळ भागातला. वैमानिक नवखा होता, आजूबाजूला झाडी आणि डोंगर, सपाट असा तो रस्ताच. त्यानं घेतलेला निर्णय योग्य होता असं माझं मत आहे. पण तो व्हिडिओ पाहून 'रस्ता हा हुकमी पर्याय' असं कुणी शिकू नये. विमानात बसलेल्यानं धोका पत्करलेला असतो. स्कूटरवरून मुलाला शाळेत सोडणाऱ्या बाईला मात्र त्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं. शेत आणि रस्ता यांत निवड करताना माझ्या लेखी हा मुद्दा तारांच्याही आधी येतो.

आणि हे सगळं छोट्या विमानांपुरतंच. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी फ्लोरिडातल्या नेपल्सजवळ दोन्ही इंजिनं गेलेलं एक खासगी जेट महामार्गावर उतरलं. पाचांपैकी तिघे वाचले, दोन्ही वैमानिक गेले. जेटच्या वेगाला महामार्ग अपुराच पडतो.

पण आपल्या हवाई दलाची विमानं तर द्रुतगती मार्गांवर उतरतात! मग समृद्धीवर का नको? (निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर)

ती संकटातली उतराई नव्हे, तो ठरवून केलेला सराव. मे २०१५ मध्ये मिराज २००० हे लढाऊ विमान यमुना द्रुतगती मार्गावर उतरलं, ऑक्टोबर २०१७ मध्ये आग्रा-लखनौ मार्गावर सी-१३०जे सारखं अवजड मालवाहू विमान. राजस्थानात बाडमेरजवळ राष्ट्रीय महामार्ग ९२५ए वर ३ किलोमीटरची खास पट्टी बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये तिचं उद्घाटन झालं. तिथे दुभाजक नाही, खांब नाहीत, आणि विमान यायच्या आधी वाहतूक थांबवून रस्ता झाडून घेतात. तेवढा वेळ ती धावपट्टीच असते.

समृद्धी ७०१ किलोमीटरची आहे, पण तिच्यावर ओव्हरपास आहेत, बोगदे आहेत आणि ताशी १२० नं सुटलेल्या गाड्या आहेत. छोट्या विमानाला मोकळा तुकडा मिळणारच नाही असं नाही. २३ जानेवारी २०२० रोजी बरेलीहून हिंडनला निघालेलं एनसीसीचं दोन आसनी विमान गाझियाबादजवळ ईस्टर्न पेरिफेरल द्रुतगती मार्गावर उतरवावं लागलं. पंखाला मार बसला, माणसं सुखरूप. मात्र असा तुकडा नेमका तुमच्या चार मिनिटांत सापडायला हवा.

माझी मुलगी बारामतीला विमान चालवायला शिकते. अशा वेळी काय करायचं हे तिला शिकवतात का? रात्री झोप लागत नाही. (एक आई, सांगली)

शिकवतात ताई, आणि इतकं शिकवतात की मुलं वैतागतात. प्रशिक्षक काहीही न बोलता थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे ओढतो आणि विचारतो, "इंजिन गेलं. आता?" माझ्या प्रशिक्षकांना ही लहर नेमकी मी खिडकीतून नदी बघत असताना यायची. तेव्हापासून खाली बघताना 'इथे उतरता येईल का' हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप चालतो. रेल्वेत बसलो तरी चालतो.

क्रम ठरलेला असतो. आधी वेग साधायचा, मग जागा निवडायची, मग इंजिन का गेलं ते बघायचं. पुष्कळदा कारण साधंच निघतं: इंधनाची कळ चुकीच्या टाकीवर, किंवा टाकीच रिकामी. पावसाळी दमट हवेत तर २५ अंश तापमानातही कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरतो. त्यात गरम हवा सोडणारी कार्ब हीटची कळ ओढली की इंजिन खोकत खोकत परत सुरू होतं. रेडिओवर 'मेडे' ही संकटाची हाक या सगळ्यानंतर. बोलण्यानं विमान तरंगत नाही.

जागा निवडण्यात तुमच्याकडच्या शेतीची माहिती फार कामाला येते. वाऱ्याला तोंड देऊन उतरायचं असतं, आणि वारा कळतो साखर कारखान्याच्या धुराड्यावरून किंवा जळणाऱ्या पाचटावरून. नांगरलेलं रान असेल तर तासांना (नांगराच्या चरांना) समांतर जायचं, आडवं गेलात तर पुढचं चाक रुतून विमान उलटं होतं. भातखाचर नको, चिखल चाक धरतो. कापणी झालेलं गव्हाचं किंवा हरभऱ्याचं रान उत्तम. उभा ऊस वरून गादीसारखा दिसतो, पण असतो माणसापेक्षा उंच, त्यामुळे तो शेवटचा पर्याय. टेकण्याआधी दार किंचित उघडून ठेवायचं, म्हणजे सांगाडा वाकला तरी ते अडकत नाही. इंधन बंद, इग्निशन बंद. विमानाची सगळी वीज तोडणारा मास्टर स्विच मात्र सगळ्यात शेवटी, कारण फ्लॅप (वेग कमी करायला पंखांमागून खाली येणाऱ्या झडपा) विजेवर चालतात.

जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला एकटीनं उडणाऱ्या शिकाऊ मुलीचं विमान शेतात पडलं. विमान मोडलं. मुलीला किरकोळ दुखापत झाली. मी विमानाकडे बघतच नाही. ताशी ८० किलोमीटरचा वेग तीन मीटरांत सावकाश जिरला तरी पट्टा बांधलेलं शरीर तो सोसतं. 'सावकाश' म्हणजे दगडी बांधावर नव्हे, तर पिकात, कुंपणात, स्वतःचे पंख मोडू देत. विमान वाचवायला गेलेला माणूस जातो. तुमच्या मुलीला विचारा, हे वाक्य तिनं ऐकलंय का. ऐकलं असेल तर तुम्ही झोपा.

रस्त्यावर विमान उतरवलं म्हणून वैमानिकाला शिक्षा होते? (वाचक, पणजी)

उतरवलं म्हणून नाही. संकटात अंतिम निर्णय विमानाच्या कॅप्टनचा, हे जगभर मान्य आहे. पण ती वेळ का आली याची चौकशी होतेच. इंधन न मोजता उडाला असेल तर उत्तर द्यावं लागतं, आणि द्यायलाच हवं.

हेलिकॉप्टरला तर रस्ता सोपाच असेल ना? (वाचक, ठाणे)

लांबी लागत नाही, पण फिरणाऱ्या पात्यांना चहूबाजूंनी मोकळीक लागते. ७ जून २०२५ ला केदारनाथच्या वाटेवर गुप्तकाशीजवळ बिघाड झालेलं हेलिकॉप्टर रस्त्यावर उतरलं. पाचही भाविक सुखरूप, वैमानिकाला दुखापत. शेपटी मात्र उभ्या मोटारीवर आदळली.

समजा मी गाडी चालवतोय आणि आरशात विमान दिसलं. काय करू? (वाचक, शिरूर)

करकचून ब्रेक मारू नका. छोट्या विमानाचे ब्रेक तुमच्या गाडीइतके लागत नाहीत, आणि इंजिन बंद असेल तर त्याला पुन्हा वर जाता येत नाही. धोक्याचे दिवे लावा, वेग राखत डावीकडे सरका, त्याला पुढे जाऊ द्या. विमान पुढे उतरलं असेल तर बरंच अंतर राखून थांबा, मागच्यांना थांबवा आणि ११२ किंवा महामार्गाच्या १०३३ वर कळवा.

मदतीला जाताना मागच्या बाजूनं जा. पंखात पेट्रोल असतं, तेव्हा विडी-सिगारेट लांब. काही विमानांत अख्खं विमान पेलणारं पॅराशूट असतं. ते रॉकेटनं सुटतं, त्यावर इशाऱ्याचं लेबल दिसलं तर तिथून दूर राहा. आणि नाकावरचा पंखा (प्रोपेलर) थांबलेला असला तरी त्याला हात लावू नका, सेल्फीसाठी तर नाहीच. मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) कळ चालू राहिली असेल तर हातानं जरासा फिरवलेला पंखाही इंजिनाला एक ठोका देऊ शकतो, आणि त्या एका ठोक्यात हात जातो.