रिट्रो-रिफ्लेक्टिव्ह सेन्सर पुठ्ठ्याचे खोके बरोबर मोजतो, पण पत्र्याचे डबे मधूनच का चुकवतो? सेन्सर बदलावा का?

बदला, पण तो बिघडलाय म्हणून नव्हे. तेलाच्या पॅकिंग लाइनवर मेंटेनन्स करताना मी हाच त्रास भोगलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक बघून घ्या. डबे एकमेकांना चिकटून येत असतील तर दोन डब्यांचा एकच मोजला जाणार. मध्ये फट असूनही मोजणी कमी भरत असेल, तर पुढचं वाचा.

या सेन्सरमध्ये प्रकाश सोडणारा आणि घेणारा भाग एकाच डबीत असतो, समोर रिफ्लेक्टर. प्रकाश परत आला की वाट मोकळी, नाही आला की मध्ये वस्तू आहे. पुठ्ठा प्रकाश अडवतो. कोरा पत्रा मात्र आरशासारखा तो परत धाडतो आणि सेन्सरला वाटतं, रिफ्लेक्टरच दिसतोय. चौकोनी डब्याची सपाट बाजू अगदी समोर आली तरच हे घडतं. डबा जरा तिरका असला की प्रकाश भलतीकडे जातो आणि डबा मोजला जातो. चूक 'मधूनच' होते ती यामुळे. आम्ही तेव्हा दोन दिवस वायरिंग आणि पीएलसीचं (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) इनपुट कार्ड तपासत बसलो होतो.

तुम्हाला पोलराइज्ड प्रकारचा सेन्सर हवा. त्यात प्रकाश एका दिशेच्या फिल्टरमधून बाहेर पडतो (इथे दिशा म्हणजे प्रकाश जातो ती नव्हे, तर त्याच्या लहरी कंप पावतात ती) आणि घेणाऱ्या भागावर त्याला काटकोनात दुसरा फिल्टर असतो. पत्र्यावरून परतलेल्या प्रकाशाची दिशा तशीच राहते, म्हणून तो दुसऱ्या फिल्टरवर अडतो. रिफ्लेक्टरमध्ये बारीक त्रिकोणी खाचा असतात. त्यांत प्रकाश तीनदा आपटून परततो, तेव्हा त्याची दिशा फिरलेली असते आणि तेवढाच आत जातो. फार सुंदर युक्ती आहे ही!

म्हणूनच रिफ्लेक्टर कुठलाही चालत नाही. आमच्याकडे रिफ्लेक्टर फुटला तेव्हा रात्रपाळीत कुणीतरी गाडीला लावायची चमकणारी पट्टी तिथे चिकटवली. त्या पट्टीत काचेचे बारीक मणी होते. मणी प्रकाश परत पाठवतात, पण त्याची दिशा हवी तशी फिरवत नाहीत. सेन्सरला रिफ्लेक्टर दिसेना, त्याच्या लेखी सतत डबा उभा, आणि लाइन बंद. पट्टीच वापरायची असेल तर प्रिझमची, सेन्सरच्या कंपनीने सांगितलेली घ्या. पुढेमागे डब्यांवर ताणलेली प्लास्टिक फिल्म गुंडाळणार असाल तर पुन्हा चाचणी करा, कारण अशी फिल्मही प्रकाशाची दिशा फिरवू शकते.

नवा सेन्सर येईपर्यंत आहे तोच दहा-बारा अंश तिरका करा आणि रिफ्लेक्टर त्याच्या रेषेत सरकवा. डब्याच्या सपाट बाजूवरून आलेला प्रकाश मग बाजूला निघून जाईल. खाचांचा रिफ्लेक्टर एवढा कोन सहज सोसतो. फक्त लाइन थांबवून, वीज बंद करूनच हात घाला. डबा मोजणारा हा सेन्सर माणसाचा हात वाचवायला बनवलेला नाही. त्यासाठी सेफ्टी लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) वेगळा लागतो, आणि त्याबाबत काटकसर करू नका.

खरेदीला जाताना एक रिकामा डबा आणि तुमचाच रिफ्लेक्टर सोबत न्या. दुकानात २४ व्होल्टवर सेन्सर जोडून घ्या, डबा सपाट बाजूने समोर धरा, हळूहळू फिरवा. कुठल्याही कोनात सेन्सरचा दिवा लुकलुकला तर तो घेऊ नका.