बी.ए. संगीत (शास्त्रीय गायन) प्रवेशासाठी पुढच्या महिन्यात ऑडिशन आहे. कोणते राग तयार करू?

आता नवा राग घेऊच नका. पुण्याचं ललित कला केंद्र असो की आणखी कुठलं, परीक्षकांचा कान आधी सूर आणि लयीकडे असतो. यमन आणि भूप, एवढे दोनच पक्के करा. यमनात विलंबित (संथ लयीच्या) एकतालातला ख्याल घ्या, तालाच्या 12 मात्रा हातावर धरून रोज गा. ताना (जलद स्वरांच्या लडी) कमी झाल्या तरी चालतील, पण मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अचूक यायलाच हवं. घाईत यमनातला तीव्र मध्यम (चढा 'म') हमखास उतरतो, म्हणून तानपुऱ्यावर 'ग, तीव्र म, ध' एकेका सुरावर थांबत घोटा. ऑडिशनला तबल्याचा ठेका अनोळखी तबलजीचा असेल, म्हणून आधी दोन-तीन वेगळ्या साथीदारांबरोबर बसून घ्या. भूपाचे वादी-संवादी, म्हणजे रागातले सर्वांत महत्त्वाचे दोन स्वर (गंधार-धैवत), आणि स्वतःची पट्टी (आपण 'सा' लावतो तो सूर) विचारल्याबरोबर सांगता आली पाहिजे.