पेटीवाल्याने स्टेजसाठी मिडी कीबोर्ड घेताना: २५, ४९ की ६१?

मित्रा, तू लिहिलंयस की इतकी वर्षं पेटीच वाजवलीस, आता भावगीत-अभंगांच्या ग्रुपमध्ये बासरी, स्ट्रिंग्ज, पियानो लॅपटॉपवरून वाजवायचेत, प्रवास एसटीचा, मग २५ कीजचा छोटा कंट्रोलर (म्हणजे स्वतः आवाज न करता लॅपटॉपला फक्त कुठली की दाबली ते कळवणारा मिडी कीबोर्ड) घेऊ की सरळ ६१? मी म्हणेन ४९ घे, आणि कीज पूर्ण आकाराच्याच.

२५ म्हणजे दोनच सप्तकं. घरी बसून चाल बांधायला छान, पण स्टेजवर डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन-चार सूर) धरून उजव्याने अंतऱ्याआधीचा पीस वाजवायला गेलास की वरची जागाच संपते, मग ऑक्टेव्हचं बटण शोधायचं, आणि ऐन पीसमध्ये हात मोकळा कुठला. त्यात मिनी कीज असल्या तर पेटीची सवय असलेली बोटं दोन सुरांच्या मध्ये पडतात. ४९ मध्ये चार सप्तकं मिळतात, खाली स्ट्रिंग्ज वर बासरी असा स्प्लिट टाकला (म्हणजे कीबोर्डचे दोन भाग केले) की सुगम संगीताचं काम आरामात होतं. ६१ चांगलाच, पण जवळपास मीटरभर लांब बॅग घेऊन भरल्या एसटीत चढून बघ एकदा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पिच बेंड, म्हणजे वाजता सूर वर-खाली सरकवायची सोय. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, इथे निघते, आणि बासरीचा आवाज लावून मींड नाही घेतली तर ती बासरी वाटतच नाही. म्हणून चाक किंवा रोलॅंडसारखा लिव्हर असलेला घे. अकाई एमपीके मिनी एमके३ ला छोटी जॉयस्टिक आहे, आर्टुरिया कीस्टेप ३७ ला टच स्ट्रिप, दोन्ही बाकी कामाला उत्तम पण सावकाश मींडेला माझा हात त्यांवर बसत नाही. बेंडची रेंज बहुतेक ठिकाणी दोन सेमीटोन (शेजारच्या दोन कीजमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) असते, म्हणजे सा वरून शुद्ध रे पर्यंतच, ती सॉफ्टवेअरमध्ये पाच केलीस की शुद्ध म गाठता येतो. मात्र चाक मग तेवढंच नाजूक हाताने फिरवावं लागतं, थोडंसं हललं तरी सूर बराच सरकतो, आठवडाभर रियाज कर आणि मगच स्टेजवर वापर.

ट्रान्सपोजबद्दल, म्हणजे बोटं तीच ठेवून पट्टी बदलण्याबद्दल, एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. काळी एकवरून काळी चारला जायचं म्हणून कीबोर्डवरच ट्रान्सपोज केलंस की लॅपटॉपकडे जाणारे नोट नंबरच बदलतात, म्हणजे सॉफ्टवेअरमधला तुझा स्प्लिट सात कीज सरकतो आणि स्ट्रिंग्जच्या जागी बासरी वाजायला लागते. त्यामुळे ट्रान्सपोज सॉफ्टवेअरमध्ये, स्प्लिटच्या नंतर लाव. स्टेजवर वाजवायची सॉफ्टवेअर म्हणजे मॅक असेल तर मेनस्टेज, विंडोज असेल तर कँटाबिले किंवा गिग परफॉर्मर, सगळ्यांत हे जमतं.

केबलचं मात्र मनावर घे. एका गणेशोत्सवात अभंग चालू असताना कुणाचा तरी पाय लागून माझी यूएसबी निघाली, आणि दाबलेला सूर तसाच वाजत राहिला. मिडीत की दाबल्याचा आणि सोडल्याचा असे दोन वेगळे निरोप जातात, दुसरा पोचलाच नाही तर सूर थांबणार कसा? गायिका बिचारी त्या चुकीच्या सुरावर गात राहिली, मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून केबल स्टँडला वेल्क्रोने बांधतो आणि सॉफ्टवेअरचं पॅनिक बटण (अडकलेले सगळे सूर एकदम थांबवणारं) लॅपटॉपच्याच एका कीला जोडून ठेवतो. गोल पाच पिनांचं मिडी आउट असलेलं मॉडेल मिळालं तर (रोलॅंड ए-४९, नोव्हेशन लाँचकी ४९ एमके३ ला आहे) नक्की घे, लॅपटॉप बसला तरी ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या सिंथला (स्वतःचा आवाज असलेल्या कीबोर्डला) जोडून कार्यक्रम पुढे नेता येतो.

बाकी पटकन: ब्लूटूथ स्टेजवर नको. सॉफ्टवेअरमधला ऑडिओ बफर (हा जितका मोठा तितका की दाबल्यावर आवाज उशिरा येतो) १२८ सॅम्पलवर ठेव, ४४.१ किलोहर्ट्झला साधारण ३ मिलिसेकंद होतात, लॅपटॉपला झेपत नसेल तर २५६. सस्टेन पेडल (की सोडली तरी सूर धरून ठेवणारं) लावून मगच कीबोर्ड चालू कर, नाहीतर बरेचदा उलटं चालतं. मांडवात जनरेटर असला की चार्जरमुळे हम (घूं असा आवाज) येतो, ग्राउंड लिफ्टवाला (अर्थिंग तोडायचं बटण असलेला) डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायची डबी, जवळ ठेव.

दुकानात जाताना लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन जा, तुमच्या यादीतलं सगळ्यात अवघड गाणं उभ्याने अख्खं वाजव, आणि गायक कुठल्या पट्टीत गातात ते इथे लिही, स्प्लिट कुठे टाकायचा ते सांगतो.