दोन मीटरवर बोलायला डोंगर कशाला?

प्रश्न : माझे मामा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले आहेत. थंडीत रविवारी पहाटेच हँडी सेट आणि घरी बनवलेला ॲल्युमिनियमचा अँटेना घेऊन पांडवलेणीचा डोंगर चढतात. विचारलं की म्हणतात, "दोन मीटरवर असतो मी." दोन मीटर लांब बोलायला डोंगर कशाला लागतो? आणि मोबाईल असताना यात एवढं काय आहे? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : हसलो आधी, खरं सांगतो. दोन मीटर म्हणजे अंतर नाही हो, रेडिओ लाटेची लांबी. १४४ मेगाहर्ट्झच्या आसपासची लाट साधारण दोन मीटरची असते, म्हणून तो 'टू मीटर बँड', आपल्याकडे हॅमना १४४ ते १४६ मिळतो. हा व्हीएचएफचा, म्हणजे 'व्हेरी हाय फ्रिक्वेन्सी'चा भाग, आणि व्हीएचएफ ढोबळमानाने नजर पोचेल तेवढंच जातं, शॉर्टवेव्हसारखं आकाशातून परतून जगभर सहसा जात नाही, म्हणून मामा उंची शोधतात.

पण पहाटच का, ते मात्र भारी आहे. सुरुवातीला लोकांना वाटायचं की एवढ्या आखूड लाटा गावातल्या गावात गप्पा मारायलाच बऱ्या. १९३० च्या दशकात अमेरिकेतले हौशी पाच मीटरवर, म्हणजे ५६ मेगाहर्ट्झवर खेळायचे, सेट म्हणजे एकदोन व्हॉल्व्ह, फ्रिक्वेन्सी जागेवर राहील तर शपथ, रिसीव्हर सतत फुसफुसणारा आणि वर शेजारच्या हॅमला त्रास देणारा. त्यात रॉस हल नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने १९३४ मध्ये हार्टफर्डजवळून थेट बॉस्टनकडे, म्हणजे दीडेकशे किलोमीटरवर सिग्नल पोचतोय हे पाहिलं, मध्ये डोंगर, नजरेचा संबंधच नाही, आणि नुसतं "वा" म्हणून न थांबता तो रोजच्या सिग्नलची हवामानाशी सांगड घालत बसला. तेव्हा कळलं की खाली गार हवा आणि वर गरम हवेचा थर आला की लाट वर निसटायच्या ऐवजी खाली वाकते. तुम्ही हे डोळ्यांनी पाहिलंय. निफाडकडे कडाक्याच्या थंडीत पहाटे द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर वर जात नाही, आडवा पसरतो ना, तोच थर! मामा त्याचीच वाट बघत असणार.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे जुने व्हीएचएफ सेट स्वस्तात बाजारात आले आणि टू मीटरवर गर्दी झाली. १९५७ मध्ये याच बँडवर कॅलिफोर्निया ते हवाई बोलणं झालं, जवळजवळ चार हजार किलोमीटर, समुद्रावरच्या अशाच थरातून. उल्का जळताना मागे जी रेघ राहते तिच्यावरून सिग्नल उडवायचे प्रकारही त्याच दशकातले, काही सेकंदांचा खेळ, तेवढ्यात कॉलसाइन, म्हणजे आपलं रेडिओवरचं नाव सांगून मोकळं व्हायचं. आणि १२ डिसेंबर १९६१ ला ऑस्कर १ हा हॅम लोकांनी बनवलेला उपग्रह वर गेला, १४५ मेगाहर्ट्झच्या जरा खाली मोर्समध्ये नुसतं 'हाय' म्हणायचा, बॅटरी संपली तीनेक आठवड्यांत. इस्रोने २००५ मध्ये सोडलेला हॅमसॅट त्याच वंशातला म्हणा, तोही टू मीटरवरच खाली बोलायचा.

मोबाईलचं म्हणाल तर फोन लागणारच असं धरून आपण लावतो, मामा लागतोय का ते बघायला जातात, पाचेक वॅटमध्ये, जुन्या झिरोच्या बल्बलाही त्याहून जास्त लागायचे! मी स्वतः एकदा गच्चीवर स्टीलच्या मेजरिंग टेपच्या पट्ट्या पीव्हीसी पाइपवर लावून अँटेना केला होता (जुन्या दूरदर्शनच्या अँटेनाचाच भाऊ, यागी), बायको म्हणाली आता हेच राहिलं होतं, आणि १४५.८०० वर अंतराळ स्थानकाचा आवाज आला, दहा मिनिटांत मावळला. दोन दिवस तेच सांगत फिरलो सगळ्यांना.

तुम्हाला बोलायचं असेल तर परीक्षा देऊन केंद्राचं लायसन्स घ्यावं लागतं, ऑनलाइन स्वस्तात सेट मिळतो म्हणून बटण दाबू नका. ऐकायची सोय मामांकडे आहेच. पुढच्या रविवारी मागे लागा त्यांच्या, थर्मासमध्ये चहा मात्र तुम्ही न्या, वर पहाटे काही उघडं नसतं.