घंगाळाला भोक पाडू नका

प्रश्न : आमचा पंचवटीतला जुना वाडा बिल्डरला दिला. वाटणीत माझ्याकडे आजेसासूबाईंचं पितळी घंगाळ, तांब्याचा बंब, जातं आणि भिंतीतल्या फडताळाची सागवानी दारं आलीत. आम्ही गंगापूर रोडला टू बीएचकेमध्ये राहतो, घर सगळं पांढरं-ग्रे. मिस्टर म्हणतात घराचं म्युझियम करू नकोस, इंटिरियरवाला म्हणतो घंगाळाला भोक पाडून झुंबर करू. सध्या सगळं बाल्कनीत गोणपाटाखाली पडलंय. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी ते सगळं बाल्कनीतून आत घ्या, पाऊस लागला की पितळेवर हिरवं चढतं आणि लाकूड फुगतं ते वेगळंच.

आता घंगाळ. त्याच्या काठाखाली बोट फिरवून बघा, खडबडीत लागलं तर तिथे नाव असणार. पूर्वी भांडं घेतलं की छिन्नीने टिंबं टिंबं ठोकून नाव घालायचे, कुणी कुणाला दिलं तेही, कधी तारीखसुद्धा. घासून घासून पुसट होतं पण तिरका उजेड पडला की वाचता येतं. ते नाव समोर येईल असं घंगाळ हॉलमध्ये बुटक्या स्टुलावर ठेवा, वरून एक वॉर्म लाइट, बास. भोक पाडायचं नाही म्हणजे नाही! झुंबर दोन वर्षांनी नकोसं होईल, भोक तसंच राहील. पाणी-फुलं घालायची हौस असेल तर आत काचेचा बाऊल ठेवा. आणि चिंच लावून तासभर ठेवू नका, आंबटाने पितळेतलं जस्त निघून जातं आणि भांडं लालसर पडतं. चिंच-मीठ लावायचं, लगेच चोळायचं, धुवायचं, कोरडं करायचं. बंबाला मात्र मी तेवढंही करणार नाही, तांब्याचा तो तपकिरी काळपटपणाच छान दिसतो, पांढऱ्या भिंतीपुढे तर फारच.

दारांचं काम सगळ्यात मजेचं आहे. पॅसेजमध्ये नऊ इंच खोलीचं कपाट करून त्याला ही दारं लावा, सुतार म्हणेल की माप बसत नाही, दार दोन इंच कापू, तर त्याला सांगा की चौकट दाराच्या मापाची कर. आधी दारांवर बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा पडतोय का बघा, पडत असेल तर लाकडाला कीड लागलीये, ट्रीटमेंट करूनच घरात घ्या नाहीतर नवीन फर्निचरलाही लागेल. रंगाचे थर असतील तर हळूहळू काढा, नंतर जवसाचं तेल पातळ हाताने, पॉलिशची चकाकी नको. (आणि प्लीज, त्या कपाटात चपला ठेवू नका, माझी आई वरून बघतेय असं वाटतं मला.)

जात्याखाली रबराची चटई टाका, टाइल्सवर ओढू नका, दोघांनी उचला. काचेखाली घालून टीपॉय वगैरे करू नका, खुंटा नीट ठेवा, सोसायटीत कुणाची हळद निघाली की पहिला फोन तुम्हालाच येणार.

मिस्टरांचंही एका बाबतीत बरोबर आहे. एका खोलीत एकच मोठी वस्तू, चारही हॉलमध्ये मांडल्या तर ते भांड्याचं दुकान होईल.

प्रश्न : 'अँटिक' म्हणून विकतात त्यातलं खरं जुनं कसं ओळखायचं? आणि भावाला अमेरिकेत न्यायला जुनी मूर्ती घेतली तर चालेल का?

उत्तर : खिशात लोहचुंबक ठेवा, पितळ म्हणतात आणि चिकटतंय म्हणजे आत लोखंड आहे. खरं वापरलेलं भांडं कडी, काठ, बूड अशा हात लागतो तिथेच झिजतं, सगळीकडे सारखा काळेपणा असेल तर तो लावलेला आहे. फर्निचरला फुलीवाले स्क्रू दिसले तर ते १९३० च्या दशकानंतरचे, म्हणजे एक तर वस्तू तेवढी जुनी नाही किंवा नंतर दुरुस्त केलीये, भाव त्या हिशोबाने करा.

मूर्तीचं मात्र सांभाळून. १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती पुरावस्तू धरतात, ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि घरात ठेवायची तरी नोंदणी लागते. भावाला नवी घडवलेली मूर्ती घ्या आणि पक्कं बिल सोबत द्या.