आधी छेद विचार

बेटा,

तुझा मेसेज वाचला, तक्ताही पाहिला. फोनवर भागणार नाही म्हणून लिहितो. शिबिरात गावाचे रक्तगट काढले आणि आता सरपंचांना ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गटवार सूचना रंगवून हव्या आहेत: ए गटवाल्यांनी पोट सांभाळावं, ओ गटवाल्यांना मलेरियाचं भय नाही. तू विचारतेस, काका, हे सगळं संशोधनातलं आहे, मग लिहायला काहून हरकत?

हरकत आहे. खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं. यातलं बरंचसं खरं आहे, घोळ तिथंच आहे.

१९५३ साली इंग्लंडमध्ये इयान एअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांचे गट तपासले, तेव्हा ए गट अपेक्षेपेक्षा जास्त निघाला. पुढच्याच वर्षी अल्सरवाल्यांत ओ जास्त निघाला. कॉलरा झालाच तर तो ओ गटाला जास्त जोरात धरतो. ओवाल्यांच्या रक्तात व्हॉन विलेब्रँड फॅक्टर, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारं प्रथिन, सुमारे २५ टक्के कमी असतो, म्हणून शिरेत गुठळी होण्याचा धोकाही कमी. ए आणि बी म्हणजे पेशीवरच्या साखरेच्या साखळीचं शेवटचं टोक. ओमध्ये ते टोक नसतं. ही साखर फक्त तांबड्या पेशीवर नसते, आतड्याच्या अस्तरावर असते, रक्तातल्या काही प्रथिनांवरही असते. जंतूला चिकटायला कुठे जागा मिळते, कुठे मिळत नाही. तेव्हा संबंध आहे. त्यावर माझा वाद नाही.

माझा वाद छेदावर आहे. अपूर्णांकात वर अंश, खाली छेद, हे तू पाचवीत शिकलीस आणि डीएमएलटीला, लॅब टेक्निशियनच्या कोर्सला, जाऊन विसरलीस. तक्त्यात लिहिलंस, "ओ सोडून इतर गटांना गुठळीचा धोका दुप्पट." कशाच्या दुप्पट? पाश्चात्त्य देशांत वर्षाला हजार प्रौढांत ढोबळमानानं एकाला अशी गुठळी होते. दुप्पट धर, दोन झाले. उरलेल्या ९९८ जणांना तू भिंतीवरून काय सांगणार आहेस?

जठराच्या कॅन्सरचंही तेच. ए गटात धोका ओपेक्षा सुमारे पाचव्या हिश्शानं जास्त. मुळात थोड्या असलेल्या आकड्याचा पाचवा हिस्सा. आणि ज्या गावात चहाच्या आधी तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात जातो, तिथे कॅन्सरसाठी बोट रक्तगटाकडे दाखवायचं? तुझी सूचना वाचून ओ गटवाला काय करेल सांगू? आणखी एक पुडी घोटून घेईल. ए गटवाला म्हणेल, नशिबातच आहे न बाप्पा, मग सोडू कशाला. म्हणून म्हणतो, छेद विचार.

कोरोनाच्या वेळी हेच झालं. २०२० मध्ये इटली आणि स्पेनच्या रुग्णांवरचा अभ्यास आला: श्वास निकामी होण्याचा धोका ए गटात ४५ टक्के जास्त, ओ गटात ३५ टक्के कमी. गावागावांत लोक एकमेकांचे गट विचारायला लागले. तुलनेला घेतलेल्या लोकांत रक्तदातेही होते, हे कोणी वाचलं नाही. ओ निगेटिव्ह रक्त जवळजवळ सगळ्यांना चालतं, त्यामुळे रक्तपेढ्या त्यांना जास्त बोलावतात. रक्तदात्यांत ओ आधीच जास्त भरतो. पुढच्या काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत पुसट झाला. छेद कोणाला धरला यावर उत्तर हलतं, एवढं तरी यातून घे.

आता तुझं स्वतःचं. "माझा गट ओ आहे, त्यामुळे मला तसा धोका नाही," हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. बाई गं, तू गडचिरोलीच्या जंगलातल्या आरोग्य केंद्रात बसतेस! २००७ चा आफ्रिकेतल्या माली देशातला अभ्यास मलाही माहीत आहे. ओ गटाच्या मुलांत गंभीर मलेरियाची शक्यता बरीच कमी निघाली. फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक परजीवीनं धरलेल्या पेशी भोवती निरोगी पेशी चिकटवून घेतात, बारीक नळ्या तुंबतात; ए-बीच्या साखरेवर ही पकड घट्ट बसते, ओवर सैल. पण शब्द "गंभीर" आहे. परजीवी ओ गटाच्या माणसालाही होतो, ताप येतो, त्याला चावलेला डास शेजाऱ्याकडे जातो. मच्छरदाणी लाव आणि ताप आला तर स्वतःची स्लाइड काढ.

माझ्या लॅबच्या नोकरीत एका तापाच्या हंगामात रक्ताच्या स्लाइडींचा ढीग पडला होता. साहेबांनी कुठे तरी वाचलं होतं, म्हणाले, ओ गटवाल्यांच्या मागे ठेवा, आधी बाकीच्या बघा. मी नाही म्हटलं. आल्या क्रमानं बघेन, आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकीची शंभर फील्ड पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहिणार नाही. मेमो मिळाला, पुढे बदलीही झाली. लोक म्हणायचे, म्हातारा हळू आहे. हळूच होतो. समोर आलेला माणूस टक्केवारी घेऊन येत नाही, ताप घेऊन येतो. आजही तो मेमो दाखवायला मला लाज वाटत नाही, आणि हे मी तुला पटवतोय की स्वतःला, ते तू ठरव.

खंत वेगळीच आहे. माझ्या जुन्या रजिस्टरांत गट आणि मलेरियाचा निकाल शेजारी-शेजारी रकान्यांत होते. कोणी बसून मोजलं नाही. ती वाळवीनं खाल्ली. कधी वाटतं, आपल्या झाडीपट्टीचं काही तरी त्यात निघालं असतं. मग वाटतं, काय निघणार? त्यात फक्त दवाखान्यात आलेले लोक. जे घरीच पडून राहिले, भगताकडे गेले, त्यांचा गट कोणी लिहिला? छेदच नव्हता.

आणि तुझ्या शिबिरातले गट तरी पक्के आहेत का? मांडवात, उन्हात, स्लाइडवर काढले ना? थेंब वाळला की कडेला गुठळ्या झाल्यासारखं दिसतं आणि ओचा ए होतो. उलट बाजूची चाचणी, म्हणजे माणसाचा सीरम माहीत गटाच्या पेशींशी लावून पाहणं, केली नसेल तर बॉम्बे या दुर्मिळ गटाचा माणूसही ओ म्हणून जातो. हा गट १९५२ साली आपल्याच मुंबईत सापडला. त्याला ओचं रक्त चढवलं तर जीवावर बेतेल. कोणाला रक्त कोणतं चालेल, हे गटावरून ठरतं. त्यासाठी भांड, बाटली पुन्हा तपासायला लाव. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांत आईला अँटी-डीचं इंजेक्शन. हे रंगव भिंतीवर हवं तर, मोठ्या अक्षरात. आणि नवरा-नवरीचा गट एकच आहे म्हणून सोयरीक मोडायला निघालेल्या त्या घरी स्वतः जा. त्यात काही अर्थ नाही, असं तोंडावर सांग.

सोयरिकीत विचारायचं ते सिकलसेलचं. तिथे माझा छेद अगदी लहान आहे: आई-बाप दोघं एएस, म्हणजे वाहक, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस, म्हणजे आजारी, बाळाची. हा आकडा घरात आणून सांगण्यासारखा आहे. पण तो भिंतीवर नाही, यादीत नाही, शेजारणीसमोर नाही. एएस पोरीचं लग्न गावानं मोडलेलं मी पाहिलं आहे. एएस मुलाचं मोडलेलं आठवत नाही.

शिबिरात सिकलसेलच्या सोल्युबिलिटी या झटपट चाचणीत पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांचे नमुने पक्क्या तपासणीला पाठवलेस का, तेवढं कळव. त्या चाचणीत एएस आणि एसएस वेगळे कळत नाहीत. सिकलसेलचं कार्ड पक्क्या निकालाआधी कोणाच्या हातात देऊ नकोस. आणि सरपंच ऐकत नसतील तर माझा नंबर दे त्यांना.

तुझा,
काका