नेपाळमधील ऐतिहासिक गावे मार्गदर्शकासह पाहावीत का, आणि सहल निवडताना काय तपासावे?

आपण विचारले आहे की, सत्तरीच्या घरातील आई-वडिलांना घेऊन आठ-नऊ दिवसांसाठी नेपाळला जायचे आहे, हिमशिखरे व साहसी खेळ यांपेक्षा जुनी गावे, देवळे आणि तेथील कारागिरी पाहण्यात आपल्याला अधिक रस आहे, तर मार्गदर्शकासह जाणारी सांस्कृतिक सहल घ्यावी की गाडी ठरवून स्वतःच फिरावे. अशा एका सहलीत मी सहभागी झालो होतो आणि पुढे काही गावे मार्गदर्शकाशिवायही पाहिली. त्या अनुभवावरून सांगतो की मार्गदर्शक अवश्य घ्यावा. मात्र कार्यक्रमपत्रिकेत किती स्थळे आहेत ते मोजण्याआधी रात्रीचे मुक्काम कोठे आहेत ते पाहावे. सर्व मुक्काम काठमांडूच्या हॉटेलात असतील आणि काठमांडू खोऱ्यातलीच भक्तपूर व पाटण ही दोन्ही जुनी नगरे ‘अर्ध्या दिवसात’ उरकली जाणार असतील, तर ती सहल कितीही स्वस्त असली तरी आपल्या उपयोगाची नाही.

भक्तपूर काठमांडूपासून जेमतेम 13 किलोमीटरवर आहे आणि नेमकी हीच जवळीक त्याच्या मुळावर येते. बसगाड्या सकाळी उशिरा पोहोचतात, दरबार चौकात, म्हणजे जुन्या राजवाड्यासमोरच्या चौकात, छायाचित्रे काढली जातात, दुकानांत थोडा वेळ जातो आणि दुपार कलण्यापूर्वी सगळे परततात. गावाचे स्वतःचे आयुष्य मात्र या वेळेच्या अलीकडे आणि पलीकडे असते. पहाटे घरोघरच्या बायका पूजेची ताटे घेऊन आळीतल्या गणेशाकडे निघतात, कुंभारांच्या चौकात ओली मडकी उन्हात मांडली जातात, आणि संध्याकाळी पाटीत, म्हणजे रस्त्याकडेच्या उघड्या धर्मशाळेत, म्हातारी मंडळी टाळ-ढोलकासह भजनाला बसतात. हे पाहण्यासाठी तेथे झोपायला आणि तेथेच उठायला हवे. खोऱ्यातील मूळच्या नेवार समाजाच्या जुन्या घरांत आता राहण्याची सोय होते, पण दारे ठेंगणी आणि जिने अरुंद व उभे असतात, म्हणून आई-वडिलांसाठी तळमजल्यावरची किंवा पहिल्या मजल्यावरची खोली आधीच लेखी मागून घ्यावी.

मार्गदर्शक चांगला की सुमार, हे पहिल्या तासात कळते. सुमार मार्गदर्शक देवळाची उंची आणि बांधकामाचे वर्ष सांगून पुढे चालू लागतो. चांगला मार्गदर्शक आधी हे सांगतो की एवढ्याशा खोऱ्यात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, तीन-तीन राजवाडे आणि तीन दरबार चौक का आहेत. 1482 मध्ये मल्ल घराण्यातील यक्ष मल्ल या राजाच्या मृत्यूनंतर राज्य त्याच्या वारसांत विभागले गेले आणि पुढे काठमांडू, पाटण व भक्तपूर ही तीन राज्ये शेजारी शेजारी नांदू लागली. नांदू लागली हा शब्द मी जरा सौजन्याने वापरला; त्यांची चढाओढ रणांगणाइतकीच देवळांच्या कळसांवरही चालत असे. एकाने उंच मंदिर बांधले की दुसऱ्याला त्याहून देखणे बांधणे भाग पडे. आज आपण ज्या वास्तुवैभवाचे कौतुक करतो, त्यातील बरेचसे या भाऊबंदकीचे फळ आहे. हा धागा हाती आला की तिन्ही चौक एकसारखे वाटत नाहीत. तो हाती आला नाही, तर तिसऱ्या दिवशी सोबतचे लोक ‘पुन्हा तसेच देऊळ’ असे म्हणू लागतात.

म्हणून माझी सूचना अशी की, गावांचा क्रम रस्त्याच्या सोयीने न लावता शक्य तेवढा इतिहासाच्या क्रमाने लावून मागावा. प्रारंभ भक्तपूरच्या उत्तरेकडील टेकडीवरच्या चांगुनारायणापासून करावा. मल्लांच्या आधीच्या लिच्छवी घराण्यातील राजा मानदेव याचा इ.स. 464 चा शिलास्तंभ तेथे उभा आहे आणि आवारातील विष्णुमूर्ती मल्लकाळापेक्षा कित्येक शतके जुन्या आहेत. येथे गर्दी कमी असते, त्यामुळे निवांतपणे ऐकता येते.

तेथून खाली भक्तपूरला यावे. भूपतींद्र मल्लाने 1702 मध्ये बांधलेले न्यातपोल हे पाच छपरांचे मंदिर सगळेच पाहतात, पण त्याच्या पायऱ्यांवरील जोड्यांचा क्रम कोणीतरी समजावून द्यावा लागतो. तळाशी जयमल व फत्तू हे दोन पहिलवान, त्यांच्यावर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल आणि सर्वांत वर बाघिनी व सिंहिनी या देवता. प्रत्येक जोडी खालच्या जोडीपेक्षा दहापट बलवान मानली जाते. आत सिद्धिलक्ष्मी आहे आणि तिचे दार पुजाऱ्यांखेरीज कोणासाठी उघडत नाही. शेजारच्या देवळातील भैरवाचा कोप शमावा म्हणून या अधिक सामर्थ्यशाली देवीची स्थापना केली, अशी आख्यायिका आहे. 1934 आणि 2015 या दोन्ही मोठ्या भूकंपांत ही वास्तू टिकून राहिली, हे पाया व लाकडी सांधे पाहिल्यावर अधिक पटते. दरबार चौकातील वत्सला देवीचे दगडी मंदिर मात्र 25 एप्रिल 2015 च्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपात पूर्ण कोसळले होते आणि ते नंतर पुन्हा उभारण्यात आले. पुनर्बांधणीसाठी देऊ केलेल्या जर्मन मदतीच्या अटी न पटल्यामुळे भक्तपूर नगरपालिकेने ती नाकारली आणि स्थानिक कारागिरांकडून, स्वतःच्या उत्पन्नातून काम करून घेण्यावर भर दिला. पर्यटकांकडून घेतले जाणारे प्रवेशशुल्क या उत्पन्नाचा मोठा भाग आहे. ते शुल्क पाहून अनेक जण कुरकुरतात, पण नव्या तुळयांवरील कोरीवकाम पाहिले की पैसे कोठे गेले ते समोर दिसते. भारतीयांना सार्क देशांच्या नागरिकांचा सवलतीचा दर लागतो, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवावे.

येथील तलेजू भवानी ही मल्ल राजांची कुलदेवता. तिच्या आतल्या चौकात हिंदूंनाच प्रवेश आहे आणि छायाचित्रणास सक्त मनाई आहे. काठमांडूच्या हनुमान ढोका या जुन्या राजवाड्याच्या परिसरातील तलेजू मंदिर तर दशैंच्या, म्हणजे तेथील दसऱ्याच्या सणातील, नवमीला, वर्षातून एकदाच सर्वसामान्यांसाठी उघडते. आपल्या पालकांना या स्थानाविषयी ओढ वाटेल असे वाटते.

पाटणसाठी मी पूर्ण दिवस आणि एक रात्र मागेन. सिद्धिनरसिंह मल्लाने 1637 मध्ये बांधलेल्या कृष्ण मंदिराच्या पट्ट्यांवर एका मजल्यावर महाभारत आणि त्यावरच्या मजल्यावर रामायण कोरलेले आहे. ते प्रसंग खालून नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण जाते, त्यामुळे छोटी दुर्बीण असल्यास न्यावी. समोरच्या राजवाड्यात 1997 पासून खुले असलेले पाटण संग्रहालय आहे. ऑस्ट्रियाच्या साहाय्याने दुरुस्त केलेल्या या वास्तूत मूर्तींच्या मुद्रा, आयुधे आणि ओतकामाची पद्धत इतक्या नेटकेपणाने मांडली आहे की, देवळे पाहण्याआधी येथे एक सकाळ घालवली तर पुढची सगळी सहल सोपी होते. बहुतेक कार्यक्रमांत ते शेवटी किंवा ‘वेळ उरल्यास’ या सदरात टाकलेले असते. ते आधी घ्यायला सांगावे. नंतर गल्लीबोळांतील बहाल पाहावेत. बहाल म्हणजे वाड्याच्या चौकासारखे बौद्ध विहारांचे आवार, ज्याभोवती आजही कुटुंबे राहतात. हिरण्यवर्ण महाविहारातील मुख्य पुजाऱ्याचे काम बारा वर्षांहून लहान मुलाकडे असते आणि ते महिन्याभरासाठी असते, ही गोष्ट विहाराची पूजा परंपरेने सांभाळणाऱ्या एखाद्या शाक्य घरातल्या माणसाकडून ऐकण्यात वेगळीच मजा आहे.

याच कारणासाठी सहल कंपनीला एक प्रश्न थेट विचारावा: सोबत येणारा माणूस कोण आहे? आपल्याकडील कंपन्यांचा टूर मॅनेजर जेवणाखाणाची आणि खोल्यांची उत्तम व्यवस्था पाहतो, पण तो मार्गदर्शक नव्हे. नेपाळ सरकारचा परवाना असलेला, शक्यतो खोऱ्यातच वाढलेला नेवार मार्गदर्शक त्या त्या गावासाठी मिळावा असा आग्रह धरावा. तो एखाद्या गुठीचा सदस्य असेल तर फारच उत्तम. गुठी म्हणजे देवळांची देखभाल, जात्रा आणि अगदी अंत्यसंस्कारांचीही जबाबदारी वाहणाऱ्या पारंपरिक संस्था. त्यांच्या जमिनी व अधिकार बदलू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध 2019 मध्ये काठमांडूत प्रचंड मोर्चे निघाले आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. बहुतेक मार्गदर्शकांना हिंदी चांगले येते, त्यामुळे पालकांना भाषेची अडचण येणार नाही.

खोऱ्यातून निघण्यापूर्वी अर्धा दिवस कीर्तिपूरला द्यावा. खोऱ्याच्या पश्चिमेकडील गोरखा राज्याच्या पृथ्वीनारायण शाह या राजाला हे टेकडीवरील गाव तिसऱ्या स्वारीत, 1767 मध्ये मिळाले. पहिल्या स्वारीत त्याचा सेनापती कालू पांडे मारला गेला होता आणि दुसरीत त्याच्या भावाचा डोळा गेला होता. विजयानंतर गावकऱ्यांची नाके कापण्यात आल्याची हकिकत त्या काळच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने लिहून ठेवली आहे, आणि बाघ भैरवाच्या मंदिरावर त्या लढायांतील म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तलवारी व ढाली आजही टांगलेल्या आहेत. पुढच्या दोन वर्षांत काठमांडू, पाटण आणि भक्तपूर ही तिन्ही राज्ये पडली. नेपाळच्या एकीकरणाची हीच कथा गोरखा दरबारात, म्हणजे पृथ्वीनारायणाच्या जुन्या राजवाड्यात, विजेत्याच्या बाजूने सांगितली जाते. म्हणून आधी कीर्तिपूर आणि मग गोरखा हा क्रम मला योग्य वाटतो.

गोरखा दरबारापर्यंत दगडी पायऱ्यांची चढण आहे. वाहन बरेच वर जात असले तरी पालकांच्या गुडघ्यांचा विचार करून निर्णय घ्यावा. त्यांना ते झेपणारे नसेल तर वाटेवरच्या मनकामना देवीला जावे. तेथे 1998 पासून केबल कार आहे. मुक्काम मात्र बंदीपूरला करावा. भक्तपूरहून आलेल्या नेवार व्यापाऱ्यांनी वसवलेली ही डोंगरमाथ्यावरची बाजारपेठ पृथ्वी महामार्ग खालून गेल्यामुळे ओस पडली, आणि व्यापार उठल्यामुळेच तिची जुनी घरे पाडली गेली नाहीत. बाजाराच्या फरसबंदी रस्त्यावर वाहनांना बंदी आहे, त्यामुळे वृद्धांना निर्धास्तपणे फिरता येते. पाल्पा जिल्ह्यातील तानसेन हे ढाका नावाचे नक्षीदार कापड आणि करुवा नावाचे तोटीचे पितळी तांबे यांसाठी प्रसिद्ध असलेले गावही मला आवडते, पण आठ-नऊ दिवसांत ते कोंबू नये. लुंबिनीला जाणार असाल तरच ते वाटेत येते.

कागदपत्रांबाबत थोडक्यात: भारतीयांना व्हिसा लागत नाही, परंतु प्रौढांनी विमानप्रवासासाठी पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र न्यावे, आधारकार्डावर विसंबू नये. 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दर 1993 पासून स्थिर आहे. पावसाळ्यात दरडी कोसळून डोंगरातील रस्ते तासन्‌तास बंद राहतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर टाळावे. एप्रिलच्या मध्यास भक्तपूरची बिस्केट जात्रा असते. ती विलक्षण असली तरी रथ ओढताना होणारी रेटारेटी वृद्धांना मानवणारी नाही. दशैंच्या दिवसांत मार्गदर्शक आणि वाहनचालक स्वतःच आपापल्या घरी गेलेले असतात व अनेक दुकाने बंद असतात. तलेजूच्या नवमीसाठी मुद्दाम जायचे नसेल, तर तिहार, म्हणजे तेथील दिवाळी, संपल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांतील तारखा मागाव्यात. आकाश स्वच्छ असते आणि भक्तपूरच्या जुन्या घरांतल्या खालच्या मजल्यांवरील खोल्याही तुलनेने सहज मिळतात.